दाजी, दुर्वा आणि डॉल्फिनचं यकृत

मॉरिशसभोवती जेवढा म्हणून समुद्र आहे, त्या सगळ्याची हात जोडून माफी मागणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. सुरिनाम गावात त्यांना सगळेच दाजी म्हणत. ज्यांच्या बहिणीशी त्यांचा काडीइतकाही संबंध नव्हता ते क्रिओल कोळी, बसचा कंडक्टर आणि कोपऱ्यावरचा चिनी दुकानदारसुद्धा. अंगाने दांडगे, आवाजाने मऊ, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या उजव्या बरगडीखाली नजर लावून उभे राहणार. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्या सदऱ्याचं बटण तुटलंय. तो बिचारा चाचपून बघायचा, तर बटण जागच्या जागी असायचं. दाजी त्याच्या यकृताचा अंदाज घेत असायचे.

यकृत हा दाजींचा विषय, जसा माझा विषय मराठी. मी बों अक्योयच्या शाळेत मुलांकडून बाराखडी गिरवून घ्यायचो, आणि दाजी सरकारी गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. जनावराचे पाय धरायचे, बाटल्या धुवायच्या, गाईच्या घशात औषध ओतायचं. हे करता करता त्यांनी तिथल्या असंख्य रोगांतून नेमका एक निवडला आणि त्याच्याशी जन्माचं वैर धरलं. तो म्हणजे यकृतातला चपटा किडा. डॉक्टर लोक त्याला लांबलचक नावाने ओळखत; दाजी नुसतं ‘पानकिडा’ म्हणत, कारण तो दिसतोच वाळक्या पानासारखा. गोड्या पाण्यातल्या बारक्या गोगलगायीत हा आधी वाढतो, मग ओल्या गवताला चिकटून बसतो, गवताबरोबर शेळीच्या पोटात जातो आणि तिथून यकृतात शिरून पित्ताच्या नळ्यांत बिऱ्हाड थाटतो. शेळी वाळत जाते, तिच्या जबड्याखाली पाणी धरतं आणि एक दिवस ती उठतच नाही. दाजींच्या गोठ्यातल्या चांगल्या दुभत्या शेळ्या एका वर्षी ह्याच किड्याने नेल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या लेखी जगातल्या प्राणिमात्रांचे दोनच वर्ग उरले, एक आतून साफ असलेल्यांचा आणि दुसरा उरलेल्यांचा.

माझ्या लग्नानंतरच्या रविवारी सासऱ्यांनी मटणाचं जेवण ठेवलं होतं. पाहुणे जमत होते, मांडवात सरबत फिरत होतं आणि दाजींची खुर्ची रिकामी होती. मला घाम फुटला, कारण ते कुठे असतील हे मला माहीत होतं. ते मागच्या अंगणात, बोकड कापणाऱ्याच्या शेजारी उकिडवे बसून यकृत उलटंपालटं करून पाहत होते. थोड्या वेळाने ते यकृत ताटलीत घेऊन थेट मांडवात आले, माझ्या सासऱ्यांपुढे ताटली धरली आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा समाधानाने म्हणाले, “साफ हाय. करा सोयरीक.” सोयरीक होऊन तेव्हा तीन-चार दिवस उलटून गेले होते. सासरे पुढे बरीच वर्षं मला अधूनमधून विचारत, की तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नक्की काय आहे, आणि मी दरवेळी विषय बदलत असे.

आमच्याकडे ओढ्यात क्रेसों नावाची पालेभाजी होते. तिखट, कोवळी, कच्ची खायला फार छान. दाजी घरात असेपर्यंत ती कच्ची खायची कुणाची हिंमत नव्हती. माझ्या बायकोने एकदा हौसेने तिची कोशिंबीर करून त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी वाडगा उचलला, स्वयंपाकघरात जाऊन उकळत्या आमटीत रिकामा केला आणि परत येऊन म्हणाले, “आता खा, सूनबाय.” ती त्यांची सून नव्हती, पण हे सांगण्याची ती वेळही नव्हती. गोगलगायींचा नायनाट करायला म्हणून त्यांनी बदकं पाळली होती. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती पलटण ओढ्यावर न्यायची आणि त्यांनी पोटभर गोगलगायी खाल्ल्या की परत आणायची. बदकं आळस करायला लागली की दाजी स्वतः पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी दगड उलटवून त्यांना गोगलगाय दाखवायचे. आक्का, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, “माझ्यासाठी ह्यांनी कधी असं काय शोधलेलं न्हाय.”

पण ह्या माणसाची आणखी एक ओळख होती, आणि ती गावाला जास्त प्रिय होती. सुरिनामच्या मराठी लोकांचा गणपती समुद्रात नेणार ते दाजी. आमच्याकडे मूर्ती घरच्या मातीच्या करतात. विसर्जनाला सगळे किनाऱ्यावर जमतात, झाकरीचा नाच होतो, ढोलकीवर म्हाताऱ्यांचेही पाय उचलतात, आणि मग मूर्ती डोक्यावर घेऊन कुणालातरी पाण्यात शिरावं लागतं. तिथला तळ खडकाळ आणि ओढ फसवी. दाजी मात्र छातीपर्यंत पाण्यात असे जात, जणू घराच्या पायऱ्या उतरताहेत. आक्काने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. गणपती डोक्यावर, धोतराचा काचा मारलेला, आणि पाठ लोकांकडे. तोंड दिसलंच नव्हतं. “पाठ बघूनच मी होय म्हनलं,” ती सांगायची, आणि दाजी लाजून बदकांकडे निघून जायचे.

गावातल्या सगळ्या गणपतींना दुर्वाही दाजीच पुरवत. चतुर्थी येते ती आमच्या थंडीच्या शेवटी, कोरड्या दिवसांत, तेव्हा कोवळी हिरवी दुर्वा सापडायची ती फक्त त्यांच्या शेळ्यांच्या ओढ्याकाठी. ते जुड्या बांधायचे केळीच्या सोपटाने, आणि गाठ मारून तिची शेंडी आतल्या आत दडपायचे. तशी गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्या गाठीनेच पुढे घोटाळा केला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी शाळेला सुटी होती, म्हणून विसर्जन झाल्यावरही मी आक्काकडेच राहिलो होतो. एका सकाळी रोलां नावाचा कोळी, दाजींचा जुना दोस्त, धापा टाकत आला. एक डॉल्फिन उथळ पाण्यात येऊन वाळूवर पडला होता. कोळी त्याला दोफें म्हणतात. जनावर म्हटल्यावर दाजींना बोलवायचं, ही तिथली रीतच होती. आम्ही गेलो तेव्हा तो जिवंत होता. दाजींनी रोलांच्या मदतीने त्याला आत ढकललं. तो वळून परत आला. पुन्हा ढकललं, पुन्हा आला. मग दाजी त्याच्याजवळ बसले, गोणपाट भिजवून त्याच्या अंगावर टाकत राहिले आणि त्याच्याशी आपल्या शेळीशी बोलावं तसं बोलत राहिले. मी आयुष्यात पुष्कळ माणसांची शुश्रूषा पाहिली, पण इतकी निरपेक्ष पाहिली नाही. ऊन चढायच्या आत तो मेला. दाजींनी त्याच्या डोळ्यावर हात ठेवला, आणि मग साहजिकच रोलांकडे सुरी मागितली.

मी तोंड फिरवलं. पुन्हा वळून पाहिलं, तर दाजी यकृत समोर ठेवून बसले होते. यकृताच्या नळ्या जाड, टणक झाल्या होत्या, आणि दाबलं की त्यांतून चपटे तपकिरी किडे बाहेर येत होते. “मास्तर,” ते मला म्हणाले, “आपलाच हाय हा.” समुद्रात राहणाऱ्या प्राण्याच्या पोटात ओढ्याचा किडा कसा आला, हे त्यांना कळेना. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. भरतीने वर फेकलेल्या शेवाळाच्या रांगेत आमच्या विसर्जनातलीच फुलं होती, केळीचं पान होतं, आणि डॉल्फिनच्या शेपटीपासून हातभर अंतरावर दुर्वांची एक जुडी होती. गाठीची शेंडी आतल्या आत दडपलेली. दाजींनी ती उचलली. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला मी पाहिला. जिथल्या गोगलगायींशी ते रोज लढत होते, तिथलीच दुर्वा ते इतकी वर्षं स्वतःच्या हातांनी देवाच्या नावाने समुद्रात पाठवत होते.

मी हरप्रकारे समजावलं. म्हटलं, हे समुद्रातले किडे लहान आहेत, अरुंद आहेत, शेळीचा पानकिडा चांगला रुंद असतो. दाजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “खारात टाकली की कैरी आक्रसते का न्हाय?” ते म्हणाले. त्यांनी ते किडे घरी आणले, आक्काची आचाराची, म्हणजे लोणच्याची, बरणी रिकामी केली, दवाखान्यातलं स्पिरिट ओतलं आणि बरणी स्वयंपाकघराच्या फळीवर, देवांच्या तसबिरींखाली ठेवली. ती तिथे वर्षानुवर्षं राहिली. एकदा आक्काच्या नणंदेने भाताबरोबर घ्यायला ती उघडली होती. त्यानंतर ती बाई त्या घरात फक्त चहा प्यायची.

दाजींनी मंदिराच्या मंडळाची सभा बोलवायला लावली. गणपतीच्या दुर्वा समुद्रात टाकू नयेत, अशी त्यांची मागणी होती. अध्यक्ष तापले. बापजाद्यांपासून चालत आलंय, त्यात हात घालणारे तुम्ही कोण, म्हणाले. मग साक्षीदार म्हणून रोलांला उभं केलं. तो टोपी हातात धरून मंदिराच्या ओसरीवर आला आणि क्रिओलमध्ये आपली साक्ष देऊ लागला.

“दोफें गवत खातं का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नों,” रोलां म्हणाला, “मासे खातं.”

सभेत समाधानाची कुजबुज झाली. दाजी हळूच उठले. “आनि मासे काय खातात?”

रोलांने छताकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. “पा कोने,” म्हणजे ठाऊक नाही, असं म्हणून तो खाली बसला.

“झालं तर,” दाजी म्हणाले.

मंडळाने शेवटी हात टेकले. ते काही दाजींच्या विद्वत्तेपुढे नव्हे. गणपती पाण्यात नेणारा दुसरा माणूस गावात नव्हता, म्हणून. ठरलं की शेवटच्या आरतीनंतर मूर्तीवरच्या दुर्वा उतरवायच्या, फडक्यात बांधायच्या आणि मंदिरामागच्या आंब्याखाली पुरायच्या. अध्यक्षांना वाटलं, आता तरी मिटलं. पण चतुर्थी आली, दुर्वा उतरवल्या, मूर्ती पाटावर तयार झाली, आणि दाजी वाळूवरच उभे राहिले. पाणी पायाला लागेल एवढंही पुढे होईनात. “आता टाकत न्हाय, ते खरं,” ते म्हणाले. “पन आदी टाकलं त्याचं काय? कुठल्या तोंडानं जाऊ आत?”

त्या वर्षी जवान पोरांनी मूर्ती नेली आणि पहिल्याच लाटेत ती खडकावर आपटून फुटली. पुढची कितीतरी वर्षं असंच चाललं. दाजी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जायचे, भरतीच्या रेघेच्या अलीकडे थांबायचे, हात जोडायचे आणि परत यायचे. डॉल्फिनचा कळप दूरवर उड्या मारत गेला की पर्यटकांना आनंद व्हायचा. दाजी चप्पल काढून उभे राहायचे. आम्ही सगळे त्यांची थट्टा करायचो, मीही करायचो. आक्का मात्र हसत नसे. “मला दुसरं काय नको,” ती मला एकदा म्हणाली. “ह्यांनी एकदा परत गणपती घेऊन पान्यात जावं. ती पाठ बघायची हाय मला.”

ऐंशीच्या दशकात दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. रिव्हिएर दू रांपारची, भाजी पिकवणाऱ्या मराठी घरातली. मराठी समजायची पुरतं, बोलायची अडखळत. दाजींना ती ‘तोंतों’ म्हणायची, म्हणजे काका. गाभण गाय बघायला ती घरी आली, चहाला थांबली, आणि तिची नजर फळीवरच्या बरणीवर गेली. आक्का घाईघाईने म्हणाली, “ते आचार न्हाय हां.” डॉक्टरीणबाईंनी बरणी उजेडात धरली, फिरवली, आणि दाजींची परवानगी घेऊन दवाखान्यात नेली.

काही दिवसांनी ती परत आली तेव्हा मी तिथे होतो. बरणी तिने टेबलावर ठेवली.

“तोंतों, हा शेळीचा न्हाय. दुर्बिनीखाली बघितला मी. आंग वेगळं, सगळं वेगळं. हा समुद्राचाच हाय.”

“खारात आक्रसला असंल,” दाजी म्हणाले.

“आक्रसला तरी शेळीचा काय दोफेंचा होत न्हाय. आनि तुमच्या ओढ्यातला खाऱ्या पान्यात जगत न्हाय, मरतो. आलोर, म्हंजे मग तुमच्या दुर्वांनी काय न्हाय केलं.”

“मग त्याला आला कुठनं?”

“माशातनं असंल. पुस्तकात बी पक्कं न्हाय लिवलेलं.”

“त्यानंच मेला का तो?”

“ते बी न्हाय सांगता येत. पुष्कळ दोफेंत असतात हे. काही जगतात, काही मरतात.”

आक्काने पदर तोंडाला लावला होता. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं. दाजी बरणीकडे बघत बसले होते. मग त्यांनी विचारलं, “पोरी, आनि औषद?”

डॉक्टरीण हसली, पण प्रेमाने. “समुद्रात कुनाकुनाला पाजनार, तोंतों?”

आक्काने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. घरात सण असल्यासारखं झालं होतं. रोलां आला, त्याने दाजींच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, “दाजी, सुटलात की तुम्ही.” ते पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते, तो त्यांनी परत ताटात ठेवला.

“मास्तर,” ते म्हणाले, “माझी चूक हुती तवर बरं हुतं. चूक सुधारता येते. मी दुर्वा थांबवल्या, तर मला वाटायचं, आता कमी मरत असतील. आता काय करू?”

इतकी वर्षं आम्ही त्या माणसाला निर्दोष ठरवायला धडपडत होतो. तो त्या दोषावर आपली सगळी माया बांधून उभा होता, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्यासाठी मला त्या दिवशी जितकं वाईट वाटलं, तितकं डॉल्फिन मेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

चतुर्थी आली. अध्यक्षांनी स्वतः घरी येऊन आमंत्रण दिलं. सांगितलं की आता शास्त्रानेच मोकळं केलंय, तर दुर्वांसकट गणपती तुम्हीच न्यायचा. दाजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी दुर्वा आणल्या, जुड्या बांधल्या, शेंड्या दडपल्या. विसर्जनाच्या दिवशी झाकरी झाली, आरती झाली. दाजींनी काचा मारला. खांदे आता उतरले होते, केस पांढरे झाले होते, मूर्ती डोक्यावर चढवताना दोघांना हात लावावा लागला. पण पाण्याजवळ ते थांबले नाहीत. सरळ आत गेले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, तशाच पायऱ्या उतरत. ढोलकी आपसूक थांबली. मी आक्काकडे पाहिलं. ती पापणी न लववता ती पाठ बघत होती.

मूर्ती पाण्यात गेली. लोकांनी जयजयकार केला. दाजी मात्र वळले नाहीत, तसेच पाठमोरे उभे राहिले, बराच वेळ. मग हळूहळू परत फिरले, आणि जवळ आले तेव्हा सगळ्यांना दिसलं. एक हात त्यांनी डोक्याच्या वर धरला होता आणि मुठीत सगळ्या दुर्वा होत्या, पाण्याचा थेंबही न लागलेल्या.

लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, “आवो दाजी, डॉक्टरीण काय म्हनली? त्यानं काय होत न्हाय.”

“होत नसंल,” दाजी वाळूवर बसत म्हणाले. त्यांना दम लागला होता. “पन कशाला?”

पुन्हा पाण्यात ते कधी गेले नाहीत. जायची ताकदच राहिली नाही. दाजी गेले, त्यांच्यामागून आक्काही गेली. ओढ्याकाठी आता घरं झालीत आणि बदकं कुणी पाळत नाही. सुरिनामचा गणपती मात्र अजून समुद्रात जातो, आणि जाण्याआधी त्याच्या दुर्वा उतरवून आंब्याखाली पुरतात. मागे एकदा महाराष्ट्रातून आलेले एक विद्वान गृहस्थ विसर्जनाला होते. त्यांनी नवलाने विचारलं, ही पद्धत आमच्याकडे कुठेच नाही, ही कुठली? मंडळाच्या तरुण चिटणिसाने अभिमानाने सांगितलं, की ही फार जुनी, आमचे पूर्वज कोकणातून जहाजाने येताना घेऊन आले. गृहस्थांनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मराठीचा जुना मास्तर, माझी साक्ष त्यांना हवी होती.

मी होय म्हटलं. मग दुर्वांचं फडकं माझ्याकडे द्या म्हणालो, आणि आंब्याकडे जाताना एकेक जुडी चाचपून पाहिली. गाठी सगळ्या साध्या होत्या.